बेसिनवरचे बाबा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला 'जिने चढा' म्हणणं म्हणजे शिंप्याला उघडं फिरायला सांगणं. पण डॉक्टरीणबाईंना कोण समजावणार? त्यांनी लिफ्टवाल्याचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला, पोटाकडे पाहिलं, सिगारेटचा वास हुंगला आणि घरी एक आरसा पाठवून दिला. आरसा कसला, पडदाच तो. बेसिनच्या वर लावायचा आणि काय खाल्लं, काय ओढलं, किती हललो हे त्याला रोज खरंखरं सांगायचं. मग सकाळी तो तुमचाच सत्तरीतला चेहरा दाखवणार आणि दिवसभर तिथेच ठेवणार. माणूस आपलं भविष्य पाहून टरकतो आणि सुधारतो, असं बाईंचं म्हणणं.

पहिल्याच सकाळी आई दात घासायला गेली आणि तिकडून हाक आली, "अहो!"

ही हाक बाबा गेल्यापासून आईच्या तोंडून निघाली नव्हती. लिफ्टवाला धावला. पडद्यावर बाबा होते. तीच लोंबती हनुवटी, डोळ्यांखाली त्याच पिशव्या, तेच काळे ओठ. बाबाही लिफ्टवालेच. जन्मभर लिफ्टने वरखाली केलं आणि गेले ते जिन्यावर, लिफ्ट बंद पडली होती त्या दिवशी. तेव्हापासून घरात सगळं खापर जिन्यावर फुटलं होतं. लोणी आणि सिगारेट निर्दोष सुटली होती.

"आई, तो मी आहे. म्हातारा झालेला."

"गप रे. संसार मी केलाय त्यांच्याशी, तू नाही."

झालं! बेसिनसमोर स्टूल आलं. आई केस विंचरून तिथे बसायची, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत म्हणून विचारायची, आणि उत्तर आलं नाही की "पहिल्यापासून असेच घुमे" म्हणून फणकारायची. सासऱ्यांसमोर तोंडात ब्रश घालून उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून बायको स्वयंपाकघरातल्या नळावर दात घासू लागली.

लिफ्टवाल्याने प्रयत्न केला नाही असं नाही. आठवडाभर सिगारेट सोडली, लोणी सोडलं, कामावर चक्क जिने चढला. पडद्यावर एक सडसडीत, तुकतुकीत म्हातारा आला. आईने तोंडाला टॉवेल लावला.

"हा कोण मेला? माझ्या माणसाला कुठे घालवलंस?"

ती त्या दिवशी जेवली नाही. लिफ्टवाल्याला वाटलं, बाबा एकदा गेले ते पुरे होतं. आता आपणच त्यांना घालवायचं? त्याने सिगारेट पेटवली. आई स्वतःच्या हाताने त्याच्या ब्रेडवर लोणी थापू लागली. "खा, जरा वाळलेत ते."

"ते चित्र बघून भीती नाही वाटत तुम्हाला?" पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वडील आहेत ते, बाई. भीती लहानपणी वाटायची. आता बरं वाटतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. बायकोने मात्र घरी आल्यावर सरळ सांगितलं, "सासरे परत आले, आनंद आहे. पण अहो, नवरा चाललाय माझा, त्याचं काय?" तिचं ऐकायला कोणी रिकामं नव्हतं. आई बाबांना पावसाळी छत्रीबद्दल झापत होती.

मग एका सकाळी पडद्यावर कोणीच नव्हतं. मागच्या पांढऱ्या फरशा दिसत होत्या, खुंटीला टॉवेल दिसत होता, मधला माणूस गायब. लिफ्टवाल्याने पडद्यावर दोन थपडा मारून पाहिल्या आणि मग बाईंना फोन लावला. आईने तो मोठ्या आवाजावर ठेवायला लावला.

"आरसा ठीक आहे," बाई म्हणाल्या. "सत्तरीत तिथे कोणी उभं नाही, एवढंच तो दाखवतोय."

आई स्टुलावरून उठली, लोण्याचा डबा कचऱ्यात टाकला, लेकाच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून चुरगाळलं आणि म्हणाली, "आपल्या इमारतीची लिफ्ट बंद कशी करतात रे?"

धंद्याचा प्रश्न आला की लिफ्टवाला हुरळायचा. त्याने मुख्य स्विच कुठल्या खोलीत असतो ते सगळं समजावून सांगितलं. आई गेली आणि बंद करून आली, आणि त्या खोलीची किल्ली कमरेला खोचली.

"आता चढ. उतर. परत चढ."

ज्या जिन्याचं नाव घरात कोणी काढत नव्हतं, त्या जिन्यावर ती त्याच्यामागे उभी राहिली. लेकाच्या शर्टाचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. शेजारी पिशव्या घेऊन धापा टाकत यायचे आणि विचारायचे, लिफ्टवाला इथे राहतो आणि लिफ्ट बंद? "पार्ट मिळत नाही," तो मान खाली घालून सांगायचा. वरच्या मजल्यावरच्या वकिलाचं पोट उतरलं, तरी त्याचं शिव्या देणं चालूच होतं.

पडद्यावर आधी धूसर काहीतरी आलं, मग कान आले, मग हळूहळू तो सडसडीत म्हातारा येऊन उभा राहिला. लिफ्टवाला दारातच थबकला. आई स्टुलावर बसून त्या अनोळखी तोंडाकडे निरखून बघत होती.

"आई, बाबा नाही आले गं आता."

"माहितेय मला. ते झालं माझं बघून." तिने डोळे पुसले. "तू म्हातारा होशील तेव्हा मी कुठली असणार? म्हणून आत्ताच बघून घेतेय."

पडद्यावर, म्हाताऱ्याच्या ओठाच्या कडेला, पेस्टचा एक थेंब उडाला होता. आईने पदराचं टोक ओलं केलं आणि तो पुसला.

"तोंड नीट धूत जा रे," ती त्या म्हाताऱ्याला म्हणाली.