पी गाटार नाफ

टीव्हीच्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच उमटलं होतं: पी गाटार नाफ. उबेदने ते दोनदा वाचलं आणि बापाच्या, मुरादच्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं अब्बा, बरं." मग आईकडे वळून त्याने हलक्या आवाजात सांगितलं, की आता डोक्यावरही परिणाम झालाय, यांना इथे ठेवण्यात अर्थ नाही. मुराद डाव्या मुठीने टेबल बडवू लागला. उबेदला वाटलं, हाही आजाराचाच भाग.

मुरादचे ट्रक महाडहून घाट चढून भोरला आणि इकडे मुंबईला धावत. वरंधा घाट तो डोळे मिटून उतरेल असं लोक म्हणायचे. लकव्याने त्याची उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. बोलायला जावं तर नुसता घोगरा आवाज निघे. कागदावर अक्षरं मांडून त्यांवर बोट ठेवायला सांगून पाहिलं, पण बोट थरथरे, समोरच्याचा धीर सुटे आणि मुराद कागद भिरकावून देई.

तेव्हा त्याच्या धाकट्या मुलीने, आफियाने, माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. दोह्याला नोकरी करणाऱ्या उबेदने तो सत्त्याऐंशी साली तिथून खेळ खेळायला आणलेला. कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र, पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा. कॉलेजात गणित शिकताना आफियाचा त्याच्यावर हात बसला होता. बापासाठी तिने प्रोग्रॅम लिहिला. एका बोटाने सावकाश कळा दाबायच्या, की पडद्यावर मोठं मराठी अक्षर उमटायचं. वाक्य पुरं होईपर्यंत कुणी ताटकळत बसायला नको. रोजचे शब्द साठवायला मेमरी पुरेना, तेव्हा उबेदनेच दोह्याहून जादा मेमरीची पाटी, म्हणजे चिपा बसवलेला सर्किट बोर्ड, पाठवली. बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या राजेंद्रच्या मदतीने आफियाने ती आत बसवली. मुराद पुन्हा घरात बोलू लागला. ड्रायव्हरांना शिव्यासुद्धा टाइप करू लागला.

आणि मग बिघडलं. मशीन लावलं की सगळं ठीक असे. थोड्या वेळाने मात्र मुरादने पाणी मागितलं की पडद्यावर 'पाटी' दिसे, चहा मागितला की 'कवा'. नेमका तेव्हाच उबेद रजेवर आला. त्याने मनाशी ठरवूनच ठेवलं होतं: मुंब्र्याला आपला फ्लॅट आहे, खाली दवाखाना आहे, महाडचं घर बंद करायचं. सामान न्यायला शनिवारी टेम्पोही सांगितला होता.

"अब्बांचं डोकं शाबूत आहे," आफिया म्हणाली. "खोट मशीनमध्ये आहे."

"सकाळी नीट बोलतं आणि मग बरळतं, असं मशीन असतं? थकलेलं माणूस असतं तसं."

"शनिवारपर्यंत थांब, भाई. तोवर त्यांच्या कपड्यांनाही हात लावायचा नाही."

"गो आफिया, मोठ्या भावाशी असं बोलतात?" हफिजा, त्यांची आई, मध्ये पडली.  आफिया टीव्हीच्या मागच्या वायरी सोडवायला लागली होती.

दुपारी गावात विजेचा दाब पडायचा, म्हणून तिने आधी स्टॅबिलायझर लावून पाहिला. फरक पडला नाही. शेजारचा टीव्ही आणून जोडला. तोच गोंधळ. मग बापाला बाजूला बसवून तिने स्वतः टाइप केलं आणि वाट पाहत बसली. थोड्या वेळाने तिचंही वाक्य तसंच बिघडलं. तिने उबेदला हाताला धरून आणलं. त्याने पाहिलं आणि खांदे उडवले. म्हणाला, म्हणजे मशीनही गेलं. पण त्यावरून अब्बा ठीक आहेत हे कुठे ठरतं? तिला संताप आला, पण त्याचं म्हणणं तिला खोडता येईना. मशीन नीट झाल्याशिवाय अब्बांची साक्ष निघणार नव्हती.

तिने वरचं झाकण काढलं आणि टेबलफॅनचा झोत आत सोडला. बिघाड बराच उशिरा आला. म्हणजे आतलं काहीतरी तापलं की दगा देत होतं. राजेंद्र घरी आला, मीटर लावून बसला आणि शेवटी म्हणाला, "ताई, नवी मेमरीच काढून टाकू. पहिल्यासारखं चालेल."

"मग अब्बांचे शब्द कुठे ठेवू?"

राजेंद्रने डोकं खाजवलं. नव्या पाटीवर आठ चिपा होत्या. त्यातली कुठली खराब ते कळलं तर बघता येईल, आठही उचकटायला गेलो तर पाटीच हातची जाईल, असं त्याचं म्हणणं पडलं. ते खरंच होतं.

तो गेल्यावर आफियाने खडू घेतला आणि फरशीवर क पासून ळ पर्यंत अक्षरं लिहिली, मशीनच्या रीतीने शून्यापासून आकडे टाकून. ङ आणि ञ तिने प्रोग्रॅममध्ये घेतलेच नव्हते. मग एकेक अक्षर तापलेल्या मशीनवर तपासलं. क, ख, ग, घ नीट. पुढची चार चुकलेली: च चा क, छ चा ख, ज चा ग, झ चा घ. पुढची चार पुन्हा नीट, त्यापुढची चार पुन्हा चुकलेली. थेट ळ पर्यंत हाच क्रम. थकलेला माणूस इतकं शिस्तीत चुकत नाही.

मशीन अक्षराचा आकडा आठ चिपांत वाटून ठेवतं. पहिली एक धरते, दुसरी दोन, तिसरी चार, असं दुपटीने. च चा आकडा चार. ते चार हरवले की उरतं शून्य, म्हणजे क. म चा आकडा बावीस. चार हरवले की अठरा, म्हणजे प. आफिया उठून उभी राहिली. बिघाड तिसऱ्या चिपेत होता.

आणि मग तिच्या ध्यानात आलं, की हेच उलटंही वाचता येईल. बाप आरामखुर्चीत बसून तिच्याकडे पाहत होता. तिने ते दिवसभर डोक्यात घोळणारं वाक्य एकेक अक्षर फिरवत मोठ्याने वाचलं.

"मी... जाणार... नाय."

मुरादचं अर्धं तोंड हललं. डाव्या तळव्याने त्याने खुर्चीचा हात थोपटला, एकदा, दोनदा, आणि त्याचे डोळे भरून आले.

"ऐकलं, अब्बा," ती म्हणाली. "आता सगळ्यांना ऐकवू."

उबेदला सांगितलं तर तो म्हणाला, तुला हवा तसा अर्थ तू काढतेस. 

दुसऱ्या दिवशी मशीन तापल्यावर राजेंद्रसमोर तिने पेन्सिलीचं बोथट टोक तिसऱ्या चिपेवर दाबलं. पडद्यावरच्या 'पाटी'चं 'पाणी' झालं. सोडलं, पुन्हा 'पाटी'. चिप चांगली होती. तिच्या एका धातूच्या पायाचा सोल्डरचा टाका कच्चा होता आणि तापला की सुटत होता. राजेंद्रच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक त्या पायांसाठी फार जाड होतं. त्याने टोकाला तांब्याची तार घट्ट गुंडाळून तिचं शेपूट पुढे काढलं, ते तापवलं, आणि टाका लावायला तो वाकला. आफियाने हात पुढे केला. "द्या. चुकलं तर माझ्या हातून चुकू दे."

टाका बसला. तापणाऱ्या भागावर तिने उष्णता ओढून घ्यायला ॲल्युमिनियमची पट्टी कसली आणि मशीन दिवसभर चालू ठेवलं. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाला माणसं गेली, परत आली, तरी पडद्यावर चहा चहाच होता.

शनिवारी टेम्पो दारात लागला. मशीन केव्हाचं तापलेलं होतं. आफियाने मुद्दामच तापवलं होतं. ती भावाला म्हणाली, आता पुन्हा विचार. उबेदने खुर्ची ओढली आणि मुंब्र्याला येणार का, असं विचारलं. मुरादचं बोट हळूहळू चालू लागलं. 

मी जाणार नाय.

उबेदने ते वाचलं. मग म्हणाला, "अब्बा, मी तिकडे दोह्यात. अचानक काय झालं तर धावपळ करायला इथे कोण हाय तुमच्याजवळ?"

 उत्तर आफियाने द्यायचं नव्हतं. बोट पुन्हा कळांवर फिरलं.

मुंब्र्यात तू असणार काय?

 उबेद बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून बसला. हफिजाने पदराने डोळे पुसले आणि बांधलेली एक वळकटी सोडायला घेतली. शेवटी उबेद उठला, टेम्पो परत पाठवतो म्हणाला. तो दारापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागून टेबलावर मूठ आदळली. मुराद टाइप करत होता, आधीपेक्षा भराभर.

गाडी रिकामी पाठवू नको. शिवथरला पत्रे जायचेत. भर.

दोह्यात एसी ऑफिसात बसणाऱ्या उबेदने बाह्या सरसावल्या आणि ड्रायव्हरच्या जोडीने मागच्या अंगणातले छपराचे पत्रे उचलायला लागला. पत्रे भरून दोरी आवळेपर्यंत त्याला तीनदा आत येऊन पडद्यावरचा पुढचा हुकूम वाचावा लागला.