कलम चार आणि रापणीचा किनारा

कराराचा मसुदा माझ्याकडे भाषांतराला आला, तो तालुक्यात दुसरं कोणी सापडलं नाही म्हणून, असं मी अजूनही धरून चाललो आहे. कट्टा गावच्या एका वाचनालयात मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो, इंग्रजी वाचलेलं समजतं आणि समोरच्याला नाही म्हणणं जमत नाही, एवढीच माझी पात्रता. तारकर्लीच्या पुढे आमच्या वाडीचा रस्ता जिथे वाळूत संपतो, तिथे सहा देश मिळून समुद्राच्या अभ्यासाचं केंद्र काढणार होते. जागेला ग्रामसभेची संमती हवी होती. संमती द्यायची तर गावाला मसुदा मराठीत कळायला हवा, असं अवनीचं म्हणणं. अवनी पुण्याची, वकील, तिशीतली. केंद्राच्या तयारी कार्यालयात होती. पंचायतीमागच्या पत्र्याच्या खोलीत तिचं टेबल होतं.

सत्तेचाळीस पानं. दुसऱ्या पानावर झोप येईल असं वाटलं होतं, पण तिसऱ्या दिवशी मी जेवायला उठायचं विसरलो. सहा जणांनी एक वस्तू सामाईक ठेवायची तर किती गोष्टींची आधीच काळजी करावी लागते! एखाद्या देशाने पैशांऐवजी यंत्र दिलं तर त्याचं मोल कोणी ठरवायचं? दोन देशांच्या शास्त्रज्ञांचं भांडण झालं तर न्याय कोणत्या देशात? एखाद्याला मधूनच बाहेर पडायचं असेल तर? आणि केंद्र बंदच करायचं ठरलं तर समुद्राच्या तळाशी ठेवलेली उपकरणं काढायची कोणी? हे सगळं सुरुवातीलाच लिहून ठेवायचं, एक वीटही रचलेली नसताना.

रोज एखादा प्रश्न घेऊन मी अवनीकडे जायचो. तिला त्रास होत असेल असं वाटायचं, तरी जायचो.

"काका, ठळक वाटा दोन," तिने एकदा सांगितलं. "एक तर देशांनी आपसांत तह करायचा. त्यातून अशी संस्था उभी राहते, जी कोणा एका देशाची नसते. प्रत्येक देशात मंजुरी लागते, वर्षं जातात. नाहीतर यजमान देशाच्या कायद्याखाली कंपनी काढायची आणि बाकीच्यांनी तिचे भाग घ्यायचे. ते लवकर होतं, पण मग सगळ्यांना यजमानाच्या कायद्याने चालावं लागतं."

"आपण कुठली धरली?"

"पहिली. दोन देश कंपनीला तयार नव्हते."

"म्हणजे ती जागा भारताची राहणार नाही?"

"राहणार हो. जमीन भारताचीच. फक्त संचालकांना विचारल्याशिवाय पोलिससुद्धा आत जाणार नाहीत. थोडंसं वकिलातीसारखं. कलम चार."

कलम चार मी आधीच मराठीत उतरवलं होतं: संचालकांच्या लेखी परवानगीवाचून केंद्राच्या जागेत कोणीही प्रवेश करणार नाही. वाक्य सोपं होतं, म्हणून मला आवडलंही होतं. शेवटच्या पानावरचा नकाशा मात्र मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट पाहिला. केंद्राची हद्द सुरूच्या झाडांपासून काळ्या खडकापर्यंत, थेट भरतीच्या रेषेला टेकलेली होती.

तोच आमचा रापणीचा किनारा.

ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धगोल फिरून दुसरं टोक किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात. जाळं कोणा एकाचं नसतं. आमच्या रापणीत बेचाळीस घरं आहेत. प्रत्येक घराचा जाळ्याचा एक तुकडा, सगळे एकमेकांना शिवलेले. आणि हे जाळं फक्त सुरू आणि काळा खडक यांच्या मध्येच वर येऊ शकतं, कारण बाकी सगळीकडे पाण्याखाली खडक आहेत. ती जागा गेली तर रापण गेली.

दोन दिवस मी कोणालाच काही बोललो नाही. सहा देशांच्या वकिलांना जे दिसलं नाही ते मला दिसावं, हे मलाच पटत नव्हतं. नकाशाचं प्रमाण समजण्यात चूक झाली असेल म्हणून सकाळी जाऊन पावलांनी अंतर मोजलं. चूक नव्हती. तिसऱ्या दिवशी अवनीकडे गेलो.

तिने मोजणीचा अहवाल काढला. "काका, इथे बघा. किनाऱ्याचा वापर: नाही. हक्क सांगणारे: कोणी नाही. खाली सही आहे. महादू."

महादू आमच्या रापणीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख. त्याच दुपारी आम्ही दोघं त्याच्या मांगरात, जाळी ठेवायच्या झोपडीत, गेलो. तो आणि आरिफा जाळ्याचे फाटलेले डोळे सांधत बसले होते. आरिफाचा नवरा पाच वर्षांमागे वारला. त्याचा तुकडा अजून रापणीत आहे आणि त्याच्या जागी ती दोर ओढते.

"महादू, मोजणीवाले इले तेव्हा तेंका तू काय सांगलंस?" मी विचारलं.

"तेनी इचारल्यान, ह्यो किनारो कोणाचो? मी सांगलंय, कोणाचोच नाय."

"आणि कागदार काय लिवल्यान ता वाचलंस?"

"सई मार म्हणान सांगल्यान, मारलंय. खोटा काय सांगलंय मी?"

खोटं त्याने काहीच सांगितलं नव्हतं; वापराबद्दल तर त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे कुठलाही रापणकार किनारा माझा म्हणत नाही. जो म्हणेल त्याचा तुकडा जाळ्यातून उसवतात. महादूच्या आजोबांच्या वेळी एकाने हद्द म्हणून वाळूत खुंट मारला होता. तीन वर्षं त्याच्याशी कोणी जाळं शिवलं नाही. बेचाळीस घरांत कोणालाही विचारलं असतं तरी मोजणीवाल्याला हेच उत्तर मिळालं असतं. मी अवनीला ते समजावलं, आणि कलम चार काय आहे ते महादूला.

महादूचा हात थांबला. आरिफाच आधी बोलली.

"महादूभाऊ, थोडा खोटा बोलाक तुका काय झाला होता?"

"मगे आता तू सांग गो. ही वकिलीण बसली आसा. सांग, किनारो आरिफाचो."

आरिफाने मान खाली घातली. "माझो तुकडो सुटतलो."

"बघ! आणि माका शिकवता."

"माका हसा नुको. तो तुकडो घोवाचो आसा. रापण मोडली तर मी खंय जाव?"

अवनी म्हणाली, "महादूकाका, कायद्याला नाव लागतं. तुम्ही एक संघ नोंदवा, अध्यक्ष व्हा आणि संघाच्या वतीने हक्क सांगा. मला हद्द बदलून मागता येईल."

"अध्यक्ष कित्याक? तांडेल मी होडीत. किनाऱ्यार इल्यार मी पण दोर ओढणारोच. आणि संघान सांगल्यान तरी सांगलाच मा, आमचो म्हणान? दुसऱ्या वाडीची रापण वाऱ्यान हय इली तर तेंका हाकलूचा काय?"

परत येताना अवनी म्हणाली, "हक्क सांगणाराच नसेल तर मी कोणाचं रक्षण करू, काका? ग्रामसभा सोमवारी आहे." नेहमीप्रमाणे मी सुचल्यासारखी मान हलवली.

घरी जाऊन मी पुन्हा मसुदा घेतला, दुसरं काही करता येत नाही म्हणून. कलम एकोणीस केंद्राच्या संशोधन जहाजाबद्दल होतं, पूर्ण दीड पान. ते मी भाषांतरित केलं होतं, पण तेव्हा एक गोष्ट लक्षात आली नव्हती. त्या दीड पानात जहाज कोणत्या देशाचं, हे एकदाही आलेलं नव्हतं. कोणी कधी न्यायचं, दोघांना एकाच दिवशी हवं असेल तर कोणी थांबायचं, एवढंच होतं.

सकाळी अवनी कुलूप काढत होती तेव्हा मी दारातच उभा होतो.

"माझं चुकत असेल," मी म्हटलं. "पण ते जहाज सहांपैकी कोणाचंच नाही ना?"

"संस्थेचं आहे."

"हो, पण एकही देश ते माझं म्हणू शकत नाही. तरी कोणाचं काम अडत नाही, कारण तुम्ही पाळी लावली आहे. किनाऱ्यालाही पाळी लावता येणार नाही का? कोणाचा ते लिहायचंच नाही. कोणी कधी थांबायचं ते लिहायचं."

अवनीने कुलूप कडीला तसंच लटकत सोडलं. मी माफी मागायच्या बेतात होतो.

"महादूकाकांना बोलवा," ती म्हणाली.

त्या दिवशी परिशिष्ट तयार झालं. अवनी प्रश्न विचारत होती, महादू उत्तरं देत होता, मी मधे बसून दोन्हीकडचं लिहीत होतो. आरिफा बोलावलं नसताना आली होती.

"रापणकार म्हणजे कोण? व्याख्या लागेल."

"दोर धरता तो."

"त्यांची यादी?"

"ती सकाळी कळता."

"एखाद्या दिवशी परका माणूस आला तर?"

"दोर धरल्यान तर परको कसो?"

अवनी हसली, मग हसू थांबवून तिने ते तसंच लिहिलं. लिहिता लिहिता तिलाच कुतूहल वाटू लागलं. एखाद्या घराला रापण सोडायची असेल तर काय करता, तिने विचारलं. महादूने सांगितलं की हंगाम संपल्यावर आपला तुकडा उसवून न्यायचा, मधे नाही. मधे नेला तर बाकीच्यांचं जाळं भोकाचं होतं.

"आमचं कलम तेवीस हेच आहे!" अवनी म्हणाली. "बाहेर पडणाऱ्या देशाने वर्ष पूर्ण करायचं. त्यावर आमचे आठ महिने गेले."

"आठ म्हयने?" महादूला खरंच वाईट वाटलं. "आमका अख्खा जाळा शिवूक आठ दिवस लागतत."

सोमवारी ग्रामसभेत मी वाचायला उभा राहिलो. पहिली पानं कोणाला ऐकू गेली असतील असं वाटत नाही. परिशिष्ट आलं तेव्हा मागून आरिफा ओरडली, "ओ भाई, ह्या तरी मोठ्यान वाच!" मी मोठ्याने वाचलं. सुरू ते काळा खडक हा पट्टा कलम चारला अपवाद. जाळं पाण्यात असेल तोवर केंद्राच्या बोटी बाहेर थांबतील. परिशिष्ट सहा देशांनी मान्य केलं तरच संमती, असा ठराव झाला.

पाच देशांचा होकार महिन्याभरात आला. सहाव्याने विचारलं, थांबायचं ते जास्तीत जास्त किती वेळ? अवनीला एक तास लिहायचा होता. महादू म्हणाला, "मासो घड्याळ बघता काय?" शेवटी 'जाळं वाळूवर येईपर्यंत' असं गेलं. तो देश सात आठवडे गप्प राहिला, आणि मग त्यानेही सही केली.

देशोदेशीच्या मंजुऱ्या अजून चालू आहेत, इमारतही जोत्यावरच आहे. पण तात्पुरत्या व्यवस्थेत केंद्राची एक छोटी बोट मागच्या कार्तिकात कामाला लागली. परिशिष्ट त्या दिवसापासून लागू झालं. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी जाळं पाण्यात असताना ती बोट पाण्याचे नमुने घेऊन परत आली. नेमकं त्याच दिवशी जाळं खाली कुठेतरी अडकलं. दोर तसूभर हलेना. बोट बाहेर इंजिन धडधडवत उभी.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अवनीला बोटीवरून फोन आला. "काका, ते विचारताहेत अजून किती वेळ. नमुन्यांचा बर्फ वितळतोय."

'जाळं वाळूवर येईपर्यंत' हे मीच लिहिलं होतं. अवनी म्हणत होती तो तास घालायला हवा होता का? बर्फाचा विचार तर मला त्या क्षणापर्यंत सुचलाच नव्हता. मी महादूकडे गेलो.

"कडेन वाट दिलंस तर तेंची बोट येतली काय?"

महादूने पाण्याकडे पाहिलं. "पंख्यात दोर गावलो तर बेचाळीस घरांचा जाळा जातला. बर्फ होया तर होडीतसून धाडतंय. बोट नाय."

मी तेच अवनीला सांगितलं, तिने फोनवर सांगितलं. मग बोटीचं इंजिन बंद झालं आणि नांगर पडल्याचा आवाज किनाऱ्यापर्यंत आला. लहान होडी बर्फाची पेटी घेऊन निघाली.

जाळं वाळूवर यायला पावणेदोन वाजले. बोट किनाऱ्याला लागल्यावर एक उंच, उन्हाने लाल झालेली शास्त्रज्ञ बाई वही घेऊन सरळ माझ्याकडे आली. ती रागावली असेल असं समजून मी वाक्य जुळवू लागलो. तिला वेगळंच विचारायचं होतं. चार तास बसून तिने पाहिलं होतं की जाळ्याची एक बाजू उत्तरेला ओढली जात होती, आणि त्यांच्या उपकरणांत तसा प्रवाह दिसत नव्हता. असं किती वेळा होतं?

मला माहीत नव्हतं. मी महादूला विचारलं.

"तिका सांग, उद्या सकाळी ये आणि बघ," तो दोर गुंडाळत म्हणाला. "बोट लांब ठेव म्हणान."