आवाज बंद केलेलं पान

कपाटात टॅब चौदा होते. चालू बारा, एकाची काच तडकलेली, एक चार्जच होत नव्हता. हेडफोन नऊ. प्रत्येक टॅबमध्ये तीच चाळीस बोलकी पुस्तकं: आतून एक गोड आवाज वाचायचा आणि वाचेल तो शब्द पिवळा व्हायचा. तिसरीच्या वर्गात मुलं एकतीस. त्यातल्या तिसांची वाचन-चाचणी कागदावर झाली होती आणि तीसही पास होती. मिनिटाला तीस शब्द बरोबर आले की चौथीत, नाहीतर पुन्हा तिसरीत.

राहिली होती चिमणी. खिडकीशेजारच्या बाकावरची ही मुलगी कागद पुढे आला की तोंड शिवल्यासारखी गप्प व्हायची. टॅब दिला की मात्र घडाघडा वाचायची. वर्गाच्या बाईंनी म्हणूनच तिला टॅबवर वाचायची सूट दिली होती आणि कपडे शिवणाऱ्या तिच्या आईला परवाच सांगून टाकलं होतं, "ताई, काळजी सोडा. पोरगी वाचतेय."

सोमवारी चिमणी कासवाची गोष्ट वाचत असताना टॅबची बॅटरी संपली. पडदा काळा झाला. चिमणी वाचतच राहिली, अख्खं पुढचं पान.

"थांब! टॅब बंद पडलाय ना?"

"हो बाई, कधीचाच."

"मग वाचतेयस कुठून?"

"येतंय ना मला."

शेजारची मैत्रीण म्हणाली, "बाई, हिला बंद टॅबसुद्धा वाचता येतो!" सगळा वर्ग खिदळला.

घोडं कुठे पेंड खातंय, ते बाईंना मात्र लगेच दिसलं. पान संपलं की टॅब चांदणी द्यायचा. चिमणीच्या एकशे बारा चांदण्या झाल्या होत्या. पण त्या डोळ्यांच्या की कानांच्या? आवाज बंद करून तिला एकदाही वाचायला लावलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट! नियमित मोजलं होतं, पण भलतंच मोजलं होतं.

मधल्या सुट्टीत त्या मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"पोपटपंची झाली म्हणा की," मोठ्या बाई म्हणाल्या.

"असेल. नसेलही. तिनं कधीच न ऐकलेलं पान द्यायला हवं."

"मग उद्याच द्या. चौथीची यादी उद्या जाते."

चाळीसही पुस्तकं चिमणीच्या कानांवरून गेली होती. त्यामुळे बाईंनी तिथेच बसून स्वतः टॅबवर एक पान टाईप केलं. त्या सकाळी शिक्षकांच्या खोलीतला नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरकाकांची फजिती, साठ शब्दांत.

"घड्याळ तुम्ही धरा," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. "मी तिच्या बोटाकडे लक्ष ठेवते."

मंगळवारी पहिल्या तासाला चिमणीनं टॅब कानाशी नेला, हलवला.

"बाई, हा बोलत नाहीये."

"नाहीच बोलणार. तूच वाच."

बाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. मग चिमणीनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

ती हळू वाचत होती. अडखळत होती. 'पान्हा'ला 'पाहुणा' म्हणून पुढे गेली, थबकली, मागे आली आणि 'पान्हा' म्हणाली. बाईंची मूठ सैल झाली. कासवाच्या गोष्टीत चिमणी कधीच अडली नव्हती; पाठ असलेल्याला मागे येऊन बघायची गरजच काय?

तेवढ्यात चिमणी फस्सकन हसली.

"बाई, सगळं पाणी काकांच्या शर्टात? खरंच?"

"अगं वाच, घड्याळ चाललंय!"

"खरंच," मोठ्या बाईच मध्ये बोलल्या. "टॉवेल मीच दिला. वाच पुढे."

बाईंचा जीव भांड्यात पडला. पुढचं बोट कुठल्या शब्दावर आहे, हे बघायचंही त्या विसरल्या.

"झालं मिनिट," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी पेन्सिलीनं शब्द मोजले, आणि पुन्हा एकदा मोजले.

वाचलेले शब्द अडतीस. चुकलेले चार. बरोबर चौतीस.