ससा भेदरला

अंगणवाडीच्या संजीवनीबाईंनी फर्मान काढलं: घरी बापानं लेकराला गोष्ट वाचून दाखवायची आणि शनिवारी लेकरानं ती सगळ्यांसमोर सांगायची. आईनं वाचलेलं चालणार नाही. झालं! आमच्या वरवट बकालच्या एकूण एक बापांना अचानक वावरातली कामं आठवली.

उद्धवला मात्र सुटका नव्हती. त्याची बायको शारदा बऱ्हाणपूरची, बोलते हिंदी. तो स्वतः अस्सल वऱ्हाडी. पुस्तकाची भाषा पार पुणेरी. त्यांची गार्गी घरात हिंदी न् वऱ्हाडी दोन्ही चुरूचुरू बोलायची आणि अंगणवाडीत मुक्यासारखी बसायची. लेकीनं चार लोकांत एकदा तरी तोंड उघडावं, एवढंच उद्धवला हवं होतं.

त्यानं वाचायला घेतलं. 'वाघाची डरकाळी ऐकून ससा भेदरला.'

"बाबा, भेदरला म्हंजे?"

उद्धव भाजीवाला शेतकरी. वावरात भेदरं, म्हणजे टमाटे, लगडलेली. विचार कशाला करायचा? "भेदरला म्हंजे भेदरावानी लाल झाला."

"टमाटर बन गया?" शारदानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"हाव."

गार्गीनं चित्रावर बोट ठेवलं. "मंग हा पांढरा काऊन?"

"पिकायचा हाये अजून."

शनिवारी आम्ही सगळे बाप सतरंजीवर बसलो. गार्गी उठली आणि चक्क खणखणीत बोलली, "वाघ ओरडला. मंग ससा टमाटर झाला."

एकच हशा पिकला. किसनराव तर मांडी थोपटत म्हणाला, "काय बे उद्धव, काय शिकवून राह्यला पोरीले?" असा राग आला मला त्याचा! गार्गीचे ओठ थरथरायला लागले. आता ही पुन्हा बोलायची नाही, हे उद्धवनं ओळखलं.

तो उठून उभा राहिला. "पोरगी नाही चुकली. म्या सांगतलं तेच बोलली ते."

"भेदरला म्हणजे खूप घाबरला," बाई हसून म्हणाल्या. "आता तुम्हीच वाचा, उद्धवभाऊ."

आली का पंचाईत! संग्रामपूरच्या बाजारात ओरडून भाजी विकणारा हा गडी, पण पुस्तक हातात येताच त्याचा आवाज बसला. चेहरा कानापर्यंत लालबुंद झाला.

गार्गी त्याच्याकडे टक लावून पाहत होती. एकदम टाळी पिटून ओरडली, "बाई, पाहा ना! बाबा भेदरला, म्हून लाल झाला!"

या खेपेला किसनराव हसला नाही, बाईच पोट धरून हसल्या. गार्गी धावत आली, उद्धवला ओढून खाली बसवलं आणि त्याच्या मांडीवर चढून पान उघडलं.

"डर मत, बाबा," ती म्हणाली. "मी हाये ना. वाच."