वाटणीच्या भिंतीतली ठकठक

गजानन मास्तरांना धाकट्या भावाचा संशय आला तो न्हाणीघरात. तोंड धुऊन त्यांनी तोटी बंद केली आणि भिंतीतून आवाज आला, ठक, ठक, ठक. भिंतीपलीकडं धाकट्या श्रीकांतचं आणि त्याच्या बायकोचं, शारदेचं घर. मास्तरांनी तोटी सोडली, फिरून बंद केली. फिरून तीन ठोके.

"बघितलंस?" ते कुसुमला म्हणाले. "पाळत ठेवून बसलाय. माझा नळ बंद झाला रे झाला, की ठोकतो."

"भाऊजींना काय दुसरे उद्योग नाहीत?" कुसुम म्हणाली. नवऱ्याचं डोकं एकदा भडकलं की ते लवकर थंड होत नाही, हे ती जाणून होती.

एका घराची दोन घरं होऊन चार महिने झाले होते. वाटणी इतकी काटेकोर, की गल्ली अजून हसत होती. पाट मोजले, खुंट्या मोजल्या. मधल्या तुळईला टांगलेली पाण्याची नळी कापता येईना, म्हणून ती सामाईक ठेवली. पण तिला धरणारे आठ लोखंडी आकडे मात्र उपटून चार-चार वाटून घेतले! मग खाली भिंत उभी राहिली, नळी तिच्या माथ्यावर पडून राहिली, आणि दोन्हीकडून फळ्या मारून भिंत आणि तुळईमधली फट बुजवली. शहाण्या माणसांनी हट्टाला पेटावं ते असं. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता.

गावात तेव्हा दुसऱ्याच वाटणीची चर्चा होती. साल छप्पन्न. नागपूर, अकोला मुंबई राज्यात जाणार, आणि हे गाव, बऱ्हाणपूर, मध्य प्रदेशात राहणार. सरकारी कचेरीतल्या लोकांना 'कुठं जाता?' म्हणून कागद भरून द्यायचे होते. श्रीकांत कचेरीत कारकून. त्यानं काय भरलं हे मास्तरांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

ठोके मात्र वाढतच गेले. कधी नुसती घुरघुर, कधी धाडकन दणका. मास्तर आता रोज सकाळी हातानं न्हाणीघर मोजू लागले. श्रीकांत पलीकडून भिंत पोखरतोय, बोटबोट इकडं सरकवतोय, असं त्यांच्या मनानं घेतलं. एक दिवस माप अर्ध्या बोटानं कमी भरलं आणि त्यांचा तोल गेला.

"आज रंगेहाथ पकडतो," म्हणत ते स्टुलावर चढले. एक फळी थोडी उचकटली, पलीकडच्या फळ्यांच्या चिरेला डोळा लावला आणि कुसुमला म्हणाले, "सोड तोटी. हां, कर बंद."

ठक, ठक, ठक.

श्रीकांत भिंतीपासून चार हात लांब, दाढीचा साबण लावून बसला होता. त्याच्या हातात फक्त ब्रश. ठोके ऐकताच तो दचकला आणि भिंतीकडं असा बघत राहिला, की मास्तरांना स्टुलावर उभं राहवेना. ते गुपचूप उतरले.

दुपारी कुसुमनं नळवाल्या भाईदासला बोलावलं. त्यानं फळ्या काढल्या आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, नळीले एकबी आकडा नाही! पानी जोरात येते, तुम्ही तोटी झटक्यानं बंद करता, मग त्या पान्यानं जावं कुठं? धडक मारते. नळी सुटी हाय, म्हून आपटते. इकडची बंद करा की तिकडची, ठोका दोन्ही घरात." त्यानं तोटी खोलून आतली चकती दाखवली. "आन् हे घुरघुरते ते वायसर. पार झिजलं. बदलून टाकतो. आकडे कुठं हायत?"

चार कुसुमनं आणून दिले. उरलेल्या चारांसाठी मास्तर स्वतः पलीकडं गेले. लाज वाटत होती, पण त्याहून हलकं वाटत होतं. भाऊ आपल्या वाईटावर नव्हता!

श्रीकांतनं सगळं ऐकून घेतलं. काढून आणलेले आकडे हातात तसेच धरून तो खाली बसला.

"म्हणजे तुम्ही ठोकत नव्हता, दादा?"

"मी कशाला ठोकू?"

"मी नळ बंद केला की ठोके यायचे. शारदा म्हणाली, दादांना आपलं पाणी वापरणंसुद्धा खपत नाही, आता इथं राहायचं नाही." त्यानं आकडे मास्तरांपुढं ठेवले. "मी अकोला भरून दिलं. परवा हुकूम आला."

"मागं घे."

"आता नाही घेता येत."

भिंतीपलीकडं भाईदास तुळईत पहिला आकडा ठोकत होता. मास्तरांचे डोळे भरून आले.

"अरे, इतकं मनात होतं तर एक हाक मारायची होतीस मला."

"तुम्ही तरी कुठं मारली, दादा?" श्रीकांत म्हणाला.