अकराशे सत्त्याऐंशी नंबरची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तळ्यावरची बदकं मोजणारी किंवा चंद्रावरचे खड्डे दाखवणारी दुर्बीण मात्र नव्हे. मी रायफलच्या पाठीवर बसणारी दुर्बीण. दीड वीत लांबीची पोलादी नळी, दोन्ही टोकांना काचा, आत तीन काळ्या रेघा आणि डोक्यावर अंतर जुळवायची एक चकती. एवढाच माझा संसार. पण तेवढ्याचाही मला किती अभिमान आहे हे तुम्हाला पुढे कळेलच.

माझा जन्म युद्धाच्या धामधुमीत झाला. काच घासणारे कारागीर म्हातारे होते, कारण तरुण सगळे आघाडीवर गेले होते. माझी भिंगं बसवताना एक आजोबा श्वास रोखून धरायचे, वाफ लागू नये म्हणून. मग मला फिनलंडच्या लष्कराच्या कार्यशाळेत आणलं. तिथे माझ्यासाठी एक रायफल आधीच टेबलावर निजलेली होती. मला धरून ठेवणारी बैठक कारागिराने कानस मारून मारून तिच्या अंगाला अशी बसवली, की केसाएवढी फट उरली नाही. त्या बैठकीत मी दुसऱ्या कुठल्याही रायफलवर नीट बसले नसते. मग तिच्यावर, बैठकीवर आणि माझ्यावर एकच नंबर ठोकला : ११८७. त्या दिवसापासून आम्ही सख्ख्या बहिणी झालो.

दोन हिवाळे आम्ही सीमेवरच्या जंगलात काढले. माझ्यातून काय काय पाहिलं गेलं ते मी सांगणार नाही. ज्याने पाहिलं त्या काउको नावाच्या कोवळ्या शिपायानेही ते कधी कुणाला सांगितलं नाही. एवढं मात्र सांगते, की झाडांची खोडं थंडीने फाटत होती तेव्हाही माझ्या काचेवर धुकं धरलं नाही. काउको मला छातीशी, कोटाच्या आत ठेवायचा. आपण भाकरी जपतो तशी त्याने मला जपली.

तह झाला आणि आमची ताटातूट झाली. रायफली एका कोठारात गेल्या, दुर्बिणी दुसऱ्या खोक्यांत. पुढे काही वर्षांनी लष्कराने नको असलेलं सामान विकायला काढलं, तेव्हा कुहमोजवळच्या एका खेड्यातल्या ओइवा केम्पाइनेन नावाच्या माणसाने मला एका बुटांच्या जोडाच्या किमतीत घेतलं. गावच्या लोहाराने माझी जुनी बैठक जोडपट्टीवर चढवून मला ओइवाच्या शिकारीच्या बंदुकीवर बसवलं. त्यानंतर तीस शरद ऋतू मी त्याच्याबरोबर मूसच्या शिकारीला गेले. मूस म्हणजे सांबराचाच भाऊबंद, पण घोड्याहून उंच. सगळं गाव मिळून शिकार करतं, मांस वाटून घेतं आणि शेवटी मोठ्या कढयांत रस्सा शिजवून जेवायला बसतं. त्या जेवणात टोळीचा म्होरक्या दरवर्षी ओरडायचा, "आजचा मूस ओइवाचा नाही रे, त्याच्या काळ्या नळीचा आहे!" लोक हसायचे आणि मी, खोटं कशाला बोलू, फुगून जायचे.

मग नव्या दुर्बिणी आल्या. हलक्या, चमकदार, अंधारातही लख्ख दाखवणाऱ्या. मला बंदुकीवरून काढून कपाटाच्या खणात ठेवलं. माझ्या शेजारी मासे पकडायचे गळ, मेणबत्त्यांची थोटकं आणि एक बिघडलेलं घड्याळ. ओइवा गेला. त्याची मुलगी हिल्का त्या घरात म्हातारी झाली. चाळीस वर्षं मला कुणी डोळ्याला लावलं नाही. मित्रांनो, बघण्यासाठी जन्मलेल्याला अंधारात ठेवणं यासारखी दुसरी शिक्षा नाही.

हिल्का अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात तिची विहीर आटली. शेजारचा टाउनो रोज दुधाच्या कॅनमधून तिला पाणी आणून द्यायचा. टाउनो त्र्याहत्तरचा, मूसच्या टोळीचा आताचा म्होरक्या. ओउलू शहरात राहणाऱ्या हिल्काच्या मुलाने, योउनीने, फोनवर सांगून टाकलं, "आई, नाताळाच्या आत पाण्याची सोय झाली नाही, तर तू शहरात फ्लॅटमध्ये यायचंस. तिथे लिफ्ट आहे."

"लिफ्टने कुठे जाऊ?" हिल्का म्हणाली. "तळ्यावर?"

खडक फोडून खोल विहीर पाडायला जो खर्च होता, त्यातला बराचसा तिच्याजवळ होता. चार हजार युरो कमी पडत होते. खण उपसताना तिच्या हाताला मी लागले. तिने माझे फोटो जुन्या लष्करी वस्तूंची पारख करणाऱ्या सारा न्यूहोल्म नावाच्या बाईंना पाठवले. दुसऱ्याच दिवशी साराबाईंचा फोन आला. "मूळ मुलामा आहे, मूळ बैठक आहे, नंबर आहे. चार हजार सहज. पुढच्या शनिवारी मी कुहमोला शाळेच्या हॉलमध्ये बसणार आहे, घेऊन या."

चार हजार! मी स्वतःच दचकले. बुटांच्या जोडाला मिळालेली मी!

आता ऐका घोळ कसा झाला. शनिवारी हिल्काला गाडीने न्यायचं टाउनोने कबूल केलं होतं, म्हणून आदल्या दिवशी तिने मला त्याच्याकडे दिलं, फडक्यात गुंडाळून. टाउनोने फडकं उघडलं आणि त्याचा जीव खालीवर झाला. या देशात प्रत्येक मुलगा लष्करात वर्षभर काढतो, आणि तिथे पहिल्या दिवशी एकच गोष्ट त्याच्या हाडात मुरवतात : शस्त्र परत करताना ते स्वच्छ हवं. साहेब पांढरं फडकं फिरवतो, फडक्याला काळं लागलं की सुट्टी रद्द. पन्नास वर्षं झाली तरी टाउनोच्या मानेवर तो साहेब बसलेलाच होता. लष्कराची दुर्बीण, बाहेरगावच्या पारखी बाईंसमोर, अशी कळकट न्यायची? गावाची लाज ती!

त्याने तारेची घासणी घेतली आणि मला घासलं. अगदी मन लावून घासलं, शिट्टी वाजवत. काउकोच्या कोटाने गुळगुळीत झालेली कड गेली, ऐंशी वर्षांचा निळसर काळा मुलामा गेला. मग बंदुका काळ्या करायचं औषध बाटलीतून काढून त्याने मला फासलं. मी ओरडत होते, पण आमचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? काम झाल्यावर त्याने मला पांढऱ्या रुमालाने पुसलं, रुमाल पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, "हं! आता कशी शोभतेस!"

शनिवारी साराबाईंनी मला हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुणी केलं?"

"मी," टाउनो छाती पुढे काढून म्हणाला. "दोन तास लागले."

"दोन तासांत तुम्ही ऐंशी वर्षं पुसून टाकलीत." साराबाईंनी मला खाली ठेवलं. "आणि नुसती किंमत गेली असती तरी चाललं असतं. हिल्काबाई, नीट ऐका. बनावट माल करणारे लोक असंच करतात. जुना नंबर घासायचा, भारी नंबर ठोकायचा, वरून काळं फासायचं. आता हा ११८७ खरा आहे की काल ठोकलाय, हे मी लिहून देऊ शकत नाही. या अवस्थेत हिचे चारशे. तेही कुणी घेतली तर."

मित्रांनो, त्या क्षणी मला पैशांचं काही वाटलं नाही. पण मला खोटी म्हटलं! माझा नंबर, माझं नाव, जे कारागिराने एका घावात ठोकलं होतं, ते खोटं!

टाउनोने गाडी परत गावाकडे वळवली. हिल्काच्या दाराशी टाउनोने इंजिन बंद केलं आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "विहीर गेली."

"कॉफी पिऊन जा," हिल्का म्हणाली.

वेलदोड्याचा पाव पुढे होता, पण टाउनोने तोडला नाही. शेवटी त्याला उपाय सुचला. "हिल्का, एक कागद लिही. लिही, की ओइवा आघाडीवरचा नामी नेमबाज होता आणि ही त्याचीच दुर्बीण. कोण तपासतंय? लोक गोष्टीला पैसे मोजतात."

"बाबा आघाडीवर स्वयंपाकी होते."

"ते मला माहीत आहे गं."

"वाटाण्याचं सूप करायचे. चारशे माणसांचं. एकदा गोळीबारात पातेलं उलटलं, तर रडले होते."

"अगं पण विहीर!"

"विहीर हवीच आहे मला. पण ज्याने उभ्या जन्मात फुशारकी मारली नाही, त्याला मेल्यावर मी नेमबाज करू? आणि तू, बावळटा, घासलंस ते घासलंस, आता वर रंग चढवू नकोस."

हिल्काने चष्मा लावला आणि खरंच कागद लिहिला, पण आपल्या मनाचा. 'ही दुर्बीण माझे वडील ओइवा केम्पाइनेन यांनी लष्कराच्या विक्रीत घेतली. युद्धात ती कुणी वापरली ते आम्हाला माहीत नाही. वडील स्वयंपाकी होते. तिच्यातून त्यांनी तीस मूस मारले, दोन चुकले. या ऑक्टोबरात शेजारी टाउनो याने ती घासली. त्याचा हेतू चांगला होता.' कागदाचा आणि माझा फोटो तिने साराबाईंना पाठवून दिला. चारशे तर चारशे, कुणाला हवी असेल तर सांगा, म्हणाली.

दहा दिवसांनी दारात एक गाडी थांबली. आठ तास गाडी चालवून लाहतीहून आलेले इल्मारी हाकाला, गणिताचे निवृत्त शिक्षक आणि जुन्या लष्करी रायफलींचे संग्राहक. हातात लांबट पेटी. साराबाईंनी त्यांना कागदाचा फोटो पाठवून एवढंच कळवलं होतं, की नंबर ११८७ आहे आणि खरेपणाची हमी नाही. टाउनो नेमका पाण्याचे कॅन घेऊन आला होता. पाहुणे कशासाठी आलेत ते कळताच तो दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, "आधी सांगतो. घासणारा गाढव तो मी."

"कागदात वाचलं," इल्मारी म्हणाले आणि पेटी उघडली.

मी तिला लगेच ओळखलं. दांड्याचा रंग उडाला होता, पट्टा नवा होता, पण तीच. माझी बहीण. इल्मारींनी मला लोहाराच्या जोडपट्टीवरून सोडवलं आणि बैठकीसकट तिच्या अंगावर सरकवलं. ऐंशी वर्षांनी मी माझ्या जागी बसले आणि खटका पडला. त्यांनी मला हलवून पाहिलं. मी हलले नाही. कशाला हलेन!

इल्मारींनी बैठकीचा नंबर भिंगाने पाहिला, माझा पाहिला, मग भिंग खिशात टाकलं.

"बैठक बसली," ते म्हणाले. "पण खरं सांगू? हुशार लबाड बैठकही बसवून देतात. या रायफलची दुर्बीण शोधताना मी दोनदा फसलोय. एकाने आपल्या आजोबांची पदकंसुद्धा दाखवली होती."

"मग?" हिल्काने विचारलं.

"मग काय. तुमचा कागद वाचला आणि बायकोला म्हणालो, गाडी काढतो. दुर्बीण विकायला निघालेला लबाड माणूस स्वतःच्या बापाला स्वयंपाकी करत नाही."

टाउनोने मान खाली घातली. हिल्का हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

इल्मारींनी साडेतीन हजार देऊ केले. "घासली नसती तर चार दिले असते," ते म्हणाले, "हिशेबाला हिशेब." तेव्हा टाउनो घसा खाकरून म्हणाला, "वरचे पाचशे माझ्याकडून. घासायची उलटी मजुरी समज." हिल्काने नको म्हटलं नाही. त्याला ते देऊ देणं हीच त्याची माफी आहे हे तिला कळत होतं.

आता मी लाहतीला असते, माझ्या बहिणीच्या पाठीवर. विहिरीला एक्क्याऐंशी मीटरवर पाणी लागल्याचं पत्र नाताळाच्या आठवडाभर आधी आलं. हिल्का घरातच आहे. टाउनो अजून रोज येतो, म्हणे, फक्त आता रिकाम्या हाताने येतो आणि कॉफी पिऊन जातो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी खणात, माळ्यावर माझ्यासारखं कुणीतरी पडलं असेल. त्याला अंधारात ठेवू नका, बाहेर काढा, हातात घ्या. पण घासणी उचलण्याआधी कुणा जाणत्याला विचारा, कारण ज्याला तुम्ही मळ समजता ते कदाचित आमचं आयुष्य असतं. आणि ते कुठून आलं, कुणी वापरलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून जसं असेल तसं लिहून ठेवा. इल्मारींकडे पाहुणे येतात, ते मला डोळ्याला लावायला हात पुढे करतात. इल्मारी म्हणतात, थांबा, आधी हे ऐका. मग ते हिल्काचा कागद मोठ्याने वाचतात, वाटाण्याचं सूप शिजवणाऱ्या ओइवाचा आणि चांगल्या हेतूच्या टाउनोचा. अंगावरचा मुलामा गेलेली मी तेव्हा अशी ताठ बसते, की लष्करात नवी होते तेव्हाही बसले नव्हते.