नाचासाठी सपाट जागा

"बाई, एवढं खणून एखादी सोन्याची वाटी तरी मिळाली का? की नुसता चिखलच?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून रुफिनानं चराच्या काठावरून ओरडून विचारलंच. मागे उसात लपलेल्या दोघी फिदीफिदी हसल्या.

खाली गुडघाभर गाळात उभ्या असलेल्या, उत्खननासाठी शहरातून आलेल्या बाई मात्र हसल्या नाहीत. "उतर खाली. चपला काढ."

कापलेल्या वरंब्याची भिंत रुफिनाच्या डोक्याइतकी उंच होती. काळा थर, त्यावर राखाडी, पुन्हा काळा.

"हा वरंबा आपोआप नाही झाला," बाई म्हणाल्या. "चरातला गाळ उपसायचा, वर टाकायचा, त्यावर मका लावायचा. तुझेच पूर्वज गं. एक माणूस जन्मभर राबला, तर कुठे वीतभर वाढला असेल."

रुफिनानं भिंतीवर वीत टेकवली. माती गार होती. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत कुणाचा तरी अख्खा जन्म! ना नाव, ना थडगं.

"पाठ दुखत असेल ना त्याची?"

"किंवा तिची," बाई म्हणाल्या. "सोमवारी यंत्र आलं की संपलंच सगळं."

ते रुफिनाला ठाऊक होतं. तिला पंधरावं लागणार, रीतीप्रमाणे त्याचा मोठा सोहळा होणार, अख्खं गाव नाचायला येणार, म्हणून तर बाबा आपल्या पाणथळीतले वरंबे सपाट करणार होते. वर्षभर ती त्याचीच फुशारकी मारत होती.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले होते. आई गुलाबी झग्याला झालर लावत होती.

"बाबा, यंत्र नको."

"का गं? भूत बघितलंस?" बाबा हसले. "जमिनीच्या धन्यांना, त्या राखणदार देवांना, विचारलंय मी. मक्याच्या पेयाचा नैवेद्य, साका ठेवून, रीतसर."

"कुणाच्या नावानं मागितलंत?"

"तुझ्या! आणखी कुणाच्या?"

आईची सुई थांबली. "पोरी, गावभर आमंत्रणं गेलीत. नाचणार कुठे?"

"नाचणार नाही." झग्याकडे बघताना रुफिनाचे डोळे भरून आले, पण आवाज तिनं खाली येऊ दिला नाही. "माझ्या नावानं मागितलंय ना? मग ती परवानगी मीच परत करणार. उद्या पहाटे साका मी ठेवणार."

"बायका साका करतात गं," आई हळूच म्हणाली. "ठेवतात पुरुष."

"मी करणार पण आणि ठेवणार पण. आणि धन्यांना सांगणार, रुफिनाला सपाट जागा नकोय."